आक्षेपकर्ता क्रमांक अडतीस

पंचफुला तायडे माझ्या सेतू केंद्रात आली
तेव्हा तिच्या भुवयांवर ज्वारीचं पीठ होतं
आणि हातात विजेचं बिल, चार घड्यांचं.

"वाचून दाखव," म्हणाली, "हळू."
स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क,
इंधन समायोजन आकार.
"समायोजन म्हन्जे?"
कोळसा महागला तर तो फरक आपण भरायचा.
"अन् सवंग झाला तं?"
मी प्रिंटर चालू केला.

धामणखेडात तिची एकच चक्की.
दगडाला टाकी तीच लावते,
पट्टा उसवला तर शिवते तीच.

पेपरात सूचना होती, मुंगीच्या अक्षरांत :
दरवाढीवर आक्षेप असल्यास
सहा प्रतींत, प्रतिज्ञापत्रासह.
"लिही," म्हणाली,
"गिऱ्हाइकाचं पसाभर पीठ दगडात अडकते,
ते मागच्याच्या दळणात निघते.
जे उडते ते भितीले लागते.
ते मी कोनाले मागत नाई.
भीत माही हाय."
मी टाईप केलं :
वितरण गळतीचा भार ग्राहकांवर टाकू नये.
"भितीचं लिहिलं का?"
खोडलं. भिंतीचं लिहिलं.

चाळीस रुपये झाले, मावशी.
"कागद किती, शाई किती,
अन् तुह्या बसन्याचं किती?"

अमरावतीच्या सभागृहात एसी असा,
की माणसांनी दुपट्टे कानाला बांधले होते.
कंपनीच्या साहेबानं पडद्यावर खर्च दाखवले :
सल्लागार, वसाहतीची रंगरंगोटी, वकिलांचं मानधन.
अडतिसावा नंबर आला तेव्हा
अर्ध्या खुर्च्या जेवायला गेल्या होत्या.

"वकील कोनाच्या विरोधात लावले?"
ग्राहकांनी केलेल्या दाव्यांमध्ये.
"म्हन्जे आमच्याशी भांडाचे पैसे
आमीच द्याचे."
मागे कुणीतरी हसलं.
आयोगाचे सदस्य हसले नाहीत,
काहीतरी लिहून घेतलं, आणि विचारलं :
बाई, दळणाचा दर तुम्ही वाढवला का यंदा?

"वाढवला. पायलीमागं रुपया."
कशापोटी?
"बारा आने बिलाचे. चार आने नव्या पट्ट्याचे."
मग ती थांबली.
माईकमधून नुसता श्वास येत राहिला.
"पट्टा तं दिवाळीलेच फिटला, साहेब.
ते चार आने मी अजून घेऊन राह्यली."

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत.
माईक एकोणचाळीस नंबरकडे गेला.

एस्टीत वलगाव येईपर्यंत ती बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी चक्कीच्या दारावर खडू :
चार आण्याचं नाणं चालत नाही,
तवा दर चौथ्या पायलीले एक रुपया कमी.
दिवाळीपासूनचं ज्याचं त्यानं सांगावं.

आदेश मार्चअखेर आला, सहाशे चौदा पानं.
चारशे बाराव्यावर ती सापडली :
"श्रीमती पंचकुला तायडे
यांच्या निवेदनाची नोंद घेण्यात आली."
भिंत कुठेच नव्हती.
पण नामंजूर खर्चाच्या तक्त्यात, अगदी खाली,
वकिलांच्या मानधनाचा एक तुकडा.
मी भागाकार करून पाहिला :
तिच्या बिलात महिन्याला पावणेदोन रुपये.
दर तर वाढलाच होता, तो वाढलेलाच राहिला.

ते पान तिला छापून दिलं.
चष्मा नव्हता, तरी नावावर बोट बरोबर थांबलं.
"कु नाई. फु."
माझ्याच पेनानं दुरुस्त केलं,
घडी घालून कमरेच्या पिशवीत, बिलाशेजारी.

"किती झाले?"
पाच.
"फोडून सांग."
कागद दीड, शाई दोन, बाकीचं माझं.
उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.
"दीड?
रिम कितीले आनला रे?"